कंपनीची चाकं

साशंक : सायकल घेऊन एखादा पावसाळा उलटला की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा एकाच रूपात येतो : कंपनीची चाकं काढून हलकी घालू का? मला आधी ‘हलकी’ हा शब्द तपासायचा आहे. समजा, ७० हजारांची रोड बाइक आहे. तिच्यासोबत आलेली चाकांची जोडी, टायर-ट्यूब वगळून, दोन किलोच्या आसपास भरते. आणखी ३५ हजार मोजले की दीड किलोची जोडी मिळते. म्हणजे अर्ध्या किलोसाठी सायकलची निम्मी किंमत. आता हा अर्धा किलो किती वेळ वाचवतो ते बघ. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत बोरघाटाचा चढ साधारण ५०० मीटर उंचीचा. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो धर आणि पायांची ताकद सलग २०० वॅट. नुसती ती उंची गाठायलाच ३५ मिनिटं लागतात, आणि त्यातले अर्ध्या किलोमुळे वाचतात १२ सेकंद. मुंबई–पुणे शर्यतीत घाटाचा राजा व्हायला निघालेल्याला १२ सेकंद फार मोठे आहेत. पण आपल्यासारख्या, दहिसर चेकनाक्याजवळच्या पेणकरपाड्यातून पहाटे निघणाऱ्याला घाट भेटतो कुठे? काशिमिऱ्यावरून घोडबंदरकडे वळला तर गायमुखचा छोटा चढउतार. महामार्गाने खाडी ओलांडून विरार फाट्याकडे गेला तर जवळपास सपाट. उत्तनला गेला तर वाटेतला एखादा चढ. तिथे हे १२ सेकंद दोन-तीनवर येतात.

हौशी : हिशेब बरोबर आहे, दादा, पण तुम्ही चाक पिशवीत ठेवलेल्या दगडासारखं तोलताय. बाटलीतलं पाणी फक्त पुढे जातं, रिम पुढेही जाते आणि गोलही फिरते. म्हणून वेग घेताना रिमचं वजन जवळजवळ दुप्पट भरतं. तुम्ही घाटाचं उदाहरण घेतलंत, आपला रस्ता घाटाचा नाही हे तुम्हीच म्हणालात. मग आपल्या रस्त्याचंच बघू. पेणकरपाड्यातून बाहेर पडलं की दहिसर चेकनाक्याकडे जा किंवा काशिमिऱ्याकडे, सिग्नल, मध्येच थांबणारी रिक्षा, वळण घेणारा कंटेनर, मेट्रोच्या खांबांजवळ अरुंद झालेली लेन. एका वेगाने पाच किलोमीटर सलग जायला मिळत नाही. ब्रेक दाबायचा, पुन्हा शून्यातून उचलायचं, पुन्हा ब्रेक. अशा रस्त्यावर हलकी रिम पहिल्या चार पेडलांत जाणवते. आणि मोकळा रस्ता मिळाला की प्रश्न वाऱ्याचा होतो. सपाटीवर आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, वजन ओढण्यात नाही. उंच रिमची चाकं तिथेच कामाला येतात.

साशंक : दुप्पट भरतं हे मान्य. पण दुप्पट कशाच्या, तेही पाहू. दोन्ही रिम मिळून ३०० ग्रॅम हलक्या झाल्या असं धर. ताशी ३० किलोमीटर वेग गाठायला ८५ किलोच्या एकूण ओझ्याला सुमारे २,९५० जूल ऊर्जा लागते. त्या ३०० ग्रॅमची, फिरण्याची ऊर्जा धरूनही, बचत २१ जूल. शंभरात एकही नाही. तीस वेळा शून्यातून उचललंस तर ६२५ जूल, म्हणजे २०० वॅटच्या पायांना तीन सेकंदांचं काम. पहिल्या चार पेडलांत काही जाणवत असेल तर ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते नेमकं कशामुळे जाणवतं, याबद्दल मला शंका आहे. नव्या चाकांसोबत बहुधा नवे टायरही आलेले असतात.

वाऱ्याचं म्हणशील तर तिथे आकडे आणखी कडक आहेत. हवेच्या विरोधात लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. चाकं बनवणारे जे आकडे छापतात ते वाऱ्याच्या बोगद्यात ४५ किंवा त्याहून जास्त वेगाला मोजलेले असतात. तिथे उंच रिमच्या जोडीने १२ वॅट वाचवले असं सढळ हाताने धरू. ३० च्या वेगाला तेच साडेतीन वॅट उरतात. ६० किलोमीटरच्या दोन तासांच्या फेरीत जेमतेम एक मिनिट. आता टायर घे. स्वस्त सायकलसोबत येणाऱ्या जाड, कडक तारेच्या टायरचा लोळण-विरोधाचा गुणांक आणि चांगल्या मऊ टायरचा गुणांक यांत ०.००२ चा फरक असणं अगदी सहज शक्य आहे. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ८५ किलो आणि ३० च्या वेगाला तो जवळपास १४ वॅट होतो. उंच रिमच्या चौपट, आणि खर्च पाचव्या हिश्श्याचा. चाकाच्या इतिहासातही हेच दिसतं. १८७४ मध्ये जेम्स स्टार्लीने स्पोक तिरपे ओवायची रीत आणली, ती अजून टिकून आहे. पण सायकल माणसाच्या खऱ्या उपयोगाची झाली ती १८८८ मध्ये, डनलॉप नावाच्या बेलफास्टच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेचं रबर गुंडाळलं तेव्हा. चाकातली सर्वांत मोठी सुधारणा हवा होती. ती आजही सर्वांत स्वस्त आहे.

हौशी : मग वॅटचा मुद्दा मी सोडून देतो. मला वाटतं, चाकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो धरून ठेवल्यामुळेच त्यांचा खरा मुद्दा कुणी ऐकत नाही. पण तुम्ही टायरपर्यंत आलात तर एक पाऊल पुढे या. तो टायर बसतो कशावर? कंपनीच्या बऱ्याच रिम आतून १७ मि.मी. किंवा त्याहून अरुंद असतात. आपल्या रस्त्यांना २५ मि.मी.चा टायर १०० पीएसआयला फुगवून चालवणं म्हणजे प्रत्येक पेव्हर ब्लॉक मनगटावर घेणं. घोडबंदर रोडला खड्डे आहेत, काँक्रीटच्या पाट्यांमध्ये सांधे आहेत, पावसानंतर उघडी पडलेली खडी आहे. इथे २८ किंवा ३० चा टायर हवा आणि हवा कमी हवी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा आकार फुग्यासारखा होतो. कमी हवेवर वळताना तो बाजूला झुकतो. २१ मि.मी.च्या रिमवर तोच टायर पाय रोवून बसतो. हा वेगाचा प्रश्नच नाही. हा ताब्याचा प्रश्न आहे.

आणि त्याहून मोठं म्हणजे स्पोकचा ताण. सायकलचं चाक कसं उभं राहतं हे अभियंता जोब्स्ट ब्रँटने १९८१ च्या आपल्या चाकांवरच्या पुस्तकात फार नीट समजावलंय. चाक वरच्या स्पोकना लटकतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सगळे स्पोक आधीच ताणलेले असतात, आणि जमिनीला टेकलेल्या जागेच्या वरच्या दोन-चार स्पोकचा ताण वजनामुळे तेवढ्यापुरता उतरतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. रोड बाइकचं चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४७५ वेळा फिरतं. १०,००० किलोमीटर चालवलं की ४७ लाखांहून अधिक वेळा. मुळात पुरेसा ताण असेल तर हे हेलकावे स्पोकला झेपतात. ताण कमी किंवा असमान असेल तर सैल स्पोक पूर्ण ढिला पडतो, हबमध्ये जिथे तो वाकलेला असतो तिथे हलत राहतो, आणि एके दिवशी त्याच कोपरात तुटतो. मागच्या चाकात तर उजवीकडे दातेरी चक्रांची कॅसेट असल्यामुळे चाक लंगडंच असतं. उजव्या स्पोकचा ताण डाव्यांच्या जवळजवळ दुप्पट ठेवावा लागतो. कारखान्यात यंत्राने पटापट ओवलेल्या स्वस्त चाकात या ताणाकडे फार वेळ देणं परवडत नाही. तुटलेला स्पोक हा १२ सेकंदांचा हिशेब नाही, तो घरी कसं पोहोचायचं याचा हिशेब आहे. २०१५ मध्ये नाशिकचे महाजन बंधू, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, यांनी दोघांच्या संघात रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. ती शर्यतच अशी की मागे गाडी असते, मदतनीस असतात, जादा चाकं असतात. बीआरएमला, म्हणजे वेळेच्या मर्यादेत स्वतःच्या बळावर पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, यातलं काही नसतं. दोन चौक्यांच्या मधे बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियमच आहे. रात्री दोन वाजता कसारा घाटाच्या पायथ्याशी मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं तर ते चाक कुणी आणि कसं ओवलं होतं हा एकच प्रश्न महत्त्वाचा उरतो.

साशंक : हा मुद्दा वजनदार आहे, आणि मी तो टाळणार नाही. बीआरएमचे आकडे तर माझ्याच बाजूने बोलतात असं मी म्हणणार होतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. ताशी १५ ची सरासरी. तिथे चाकाचा वेग कुणालाच बाद करत नाही, चाकाचं मोडणं करू शकतं. मग बघ, तुझ्याच युक्तिवादाने बाजारातली ती ३५ हजारांची जोडी कुठे उभी राहते. तिला पुढे २० आणि मागे २४ स्पोक. मागच्या २४ मधला एक तुटला तर रिम इतकी वाकडी होते की चाक फिरत नाही. ३२ मधला एक तुटला तर ब्रेक जरा सैल करून माणूस घरी येतो. तिचे स्पोक चपटे, सरळ डोक्याचे, त्या-त्या कंपनीचे. नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे ते मिळत नाहीत. कार्बनची उंच रिम घेतलीस तर वर्सोवा पुलावर खाडीचा वारा आडवा येतो आणि शेजारून ट्रेलर गेला की हँडल हातातून ओढलं जातं. अंगाने हलक्या माणसाला हे भीतिदायक आहे. खड्ड्यात अॅल्युमिनियमची रिम वाकते, कार्बनची तडकते. वाकलेली निदान दिसते. आणि नव्या रुंद रिमपैकी ज्यांना टायर धरून ठेवणारी कड नसते, त्यांच्यात ५ बारहून जास्त हवा भरायची नाही. २०२४ च्या यूएई टूर शर्यतीत सायकलपटू थॉमस डे गेंटचा टायर अशा रिमवरून सुटला. त्यानंतर व्यावसायिक सायकलपटूंमध्येच यावर मोठा वाद झाला. आणि हायवेवर त्या मर्यादेहून बरीच जास्त, नव्वद पीएसआय हवा भरल्याशिवाय न निघणारे आपल्यात किती जण आहेत!

आणि मीठ. इथल्या हवेत ते आहेच, उत्तनच्या किनाऱ्याने किंवा भाईंदरच्या मिठागरांकडून जाणाऱ्याच्या चाकात तर ते रोज शिरतं. स्पोक रिमला आवळून धरणारे, वजन वाचवायला लावलेले अॅल्युमिनियमचे निपल अशा हवेत स्पोकला धरून बसतात, मग ताण दुरुस्त करायला गेलास की निपल फुटतो. म्हणजे जे विकत घ्यायचं ते तुझ्या कारणांसाठी बनलेलंच नाही. भरवशाचं कारण देऊन वेगाचा माल घेतला जातो. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

हौशी : मग आपण एकाच जागी येतोय. त्या खोक्यातल्या जोडीचा आग्रह माझा नाही. मी म्हणतो ते चाक असं : ३२ भोकांचा, सीलबंद बेअरिंगचा हब, म्हणजे पावसाळ्यानंतर कोन उघडून छर्रे धुवायची वेळ येणार नाही. मध्ये बारीक आणि टोकांना जाड असे, वाकड्या डोक्याचे साधे स्पोक. पितळी निपल. आतून २१ मि.मी.ची अॅल्युमिनियमची रिम. आणि हे सगळं हाताने, ताण मोजून ओवलेलं. वजन कंपनीच्या चाकाहून थोडंच कमी, कदाचित तेवढंच. पण स्पोक तुटला तर दुसरा मिळणं पुष्कळ सोपं. हौशी माणूस असं चाक मागतो तेव्हा तो मिरवायला मागत नाही.

वेळ कोणती, हेही सांगतो. रिम-ब्रेकच्या सायकलला रिम हा झिजणारा भाग आहे. जून ते सप्टेंबर आपल्या रस्त्यावरचा चिखल ब्रेकच्या रबरात बसतो आणि प्रत्येक ब्रेक पॉलिश-पेपरसारखा रिम खातो. रिमच्या बाजूला झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की चाक बदलणं हौस राहत नाही. त्या दिवशी तुमचा हिशेब ३५ हजारांचा नसतो. कंपनीसारखंच चाक पुन्हा घेण्याचा खर्च आणि चांगलं चाक ओवून घेण्याचा खर्च, यांच्यातल्या फरकाचा असतो. आणि तो फरक लहान आहे.

साशंक : त्या दिवशी मी तुझ्याशी वाद घालणार नाही. रिम संपली असेल तर पुन्हा तसलीच आणणं हा कंजूषपणा आहे, काटकसर नव्हे. फक्त दोन गोष्टी आधी बघाव्यात. एक, पुढची सायकल डिस्क-ब्रेकची असणार असेल तर रिम-ब्रेकचं चाक तिच्यावर जाणार नाही. अॅक्सल वेगळा, मागची रुंदी वेगळी. चाकं सायकलहून महाग असली की ती माणसाला जुन्या सायकलला बांधून ठेवतात. दुसरी, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. रिम संपलेली नाही, स्पोकही तुटलेला नाही, फक्त तू म्हणतोस तसा ताण असमान आहे, तर दुखणं ताणाचं आहे. चाक बदलून आपण दुखणं बरं करत नाही, रोगी बदलतो. त्याच कंपनीच्या चाकाचा प्रत्येक स्पोक मोजून, तेल देऊन, ताण वाढवून सारखा करता येतो. त्याला काही शे रुपये आणि एक-दीड तास लागतो. साध्या चाकात धातू वाईट नसतो. त्याच्या वाट्याला माणसाचा वेळ आलेला नसतो. तो वेळ नंतरही देता येतो.

हौशी : देता येतो, पण देणारा कोण? वादाची गाठ इथेच आहे असं मला वाटतं. आऊट काढणारे पुष्कळ आहेत. ब्रेकला घासणारं चाक ते दहा मिनिटांत सरळ करून देतात. पण आऊट काढणं आणि ताण जुळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक स्पोक फार घट्ट आणि शेजारचा फार सैल ठेवूनही रिम दिसायला अगदी सरळ फिरू शकते. डोळ्याला चाक बरं झालेलं दिसतं आणि आत तोच आजार राहतो. वाईट आऊट काढल्याने तर तो वाढतो. ताण मोजायचं साधन वापरणारा, डिश, म्हणजे रिम हबच्या बरोबर मध्ये आहे का, हे दोन्ही बाजूंनी तपासणारा, शेवटी स्पोकच्या जोड्या दाबून त्यांना बसवून घेणारा कारागीर मुंबईत शोधावा लागतो. हे मला विचित्र वाटतं, कारण हाताची नजर या भागात कमी नाही. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. फिरत्या लेथवर पत्रा दाबून भांडं काढणारा माणूस केसाएवढा हेलकावा डोळ्याने ओळखतो. चाक सरळ फिरतंय की नाही हे त्याला शिकवावं लागणार नाही. अशा गावात चाक ओवणारा नसेल तर कारण कौशल्याचं नाही, मागणीचं आहे. अर्धे लोक कंपनीचं चाक मोडेपर्यंत चालवतात, उरलेले खोक्यातली तयार जोडी मागवतात. दोघांनाही कारागिराची गरज पडत नाही. म्हणून मी हाताने ओवलेल्या चाकावर पैसे खर्च करायला सांगतो. ते पैसे धातूकडे न जाता त्या तासाकडे जातात, जो तुम्ही आत्ता म्हणालात.

साशंक : ही गोष्ट मला पटते आणि अडचणीतही टाकते. एका गिऱ्हाइकाच्या खिशावर एका कसबाचं भवितव्य टाकायचं का? ज्याने हप्त्यावर सायकल घेतली, ती रोज चौथ्या मजल्यावर उचलून नेतो, त्याला मी ‘कारागिरासाठी चाक ओवून घे’ असं सांगू शकत नाही. त्याला मी टायर बदल म्हणेन, जमेल तिथे ताण तपासून घे म्हणेन. स्पोक एकामागून एक वेगवेगळ्या जागी तुटायला लागले तर समज की सगळेच थकलेत, नवे घालून त्याच रिमवर पुन्हा ओवून घे. खड्ड्यात रिमच पिचली असेल तर तिला सारख्या ताणात सरळ करता येत नाही, ती ओढून सरळ करण्यात अर्थ नाही, रिम बदल. हबच्या कपाला खड्डे पडले असतील तर मात्र सगळं चाकच जाऊ दे. ‘चाकं बदलू का’ या एका प्रश्नाचे हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

हौशी : आणि पाचवा? ज्याचं काही मोडलेलं नाही, टायर चांगले आहेत, ताण बरा आहे, आणि तरीही त्याला चांगलं चाक हवं आहे? पहाटे साडेचारला उठून तो वर्षाला काही हजार किलोमीटर याच दोन वर्तुळांवर घालवतो. त्याला तुम्ही काय सांगाल? त्याची इच्छा वॅटमध्ये बसत नाही म्हणून ती चुकीची ठरते, असं मला वाटत नाही.

साशंक : मलाही नाही वाटत. मी एवढंच म्हणेन की त्याने तिला इच्छाच म्हणावं, वॅटचा आधार शोधू नये. आणि एक भीती सांगेन. महागडं चाक लावल्यावर पुष्कळ जण रस्ता बदलतात. पाऊस आला की सायकल घरी, घोडबंदर नको, उत्तनची ती वाट नको. चाक चांगलं झालं आणि फेरी आखडली, तर कमावलं काय?

हौशी : ते खोक्यातल्या चाकाचं होतं, कारण ते मोडलं तर कुणाकडे जायचं हे माहीत नसतं. ओवणारा हात ओळखीचा असेल तर उलटही होऊ शकतं. ज्या वाटेला आजवर भीत होतो तिकडेही माणूस जाईल.

साशंक : होऊ शकतं. मला खात्री नाही. आधी एक कर. मागचं चाक उचल आणि एकाच बाजूचे स्पोक बोटाने एकेक छेड. सारखे ताणलेले असतील तर सारखा सूर देतील, ढिला असेल तो बद्द वाजेल. टायर बदल, ताण जुळवून घे, हजार किलोमीटर चालव आणि मग पुन्हा छेडून बघ.

हौशी : सूर उतरला तर चाक ओवून घ्यायचं, हे आपल्या दोघांना मान्य. पण तो जसाच्या तसा राहिला, आणि तरीही मला ते दुसरं चाक हवं असलं तर?

साशंक : तर त्या दिवशी तुला थांबवायला माझ्याकडे आकडा नसेल.